विचार येतो, पुढे काय?

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात एक चिक्कू यजमान भेटतो. पाहुण्याला तो तोंडभरून आग्रह करतो आणि मनात मात्र घासांचा हिशेब मांडत बसतो. अशाच्या पानाला बसू नये, असा तिथला व्यवहारी सल्ला आहे. ओठांवरचा आग्रह खोटा, आतला हिशेब खरा; माणूस ओळखायचा तो त्या आतल्या हिशेबावरून. संदर्भ एवढाच आहे. पण याच जागेतला ‘माणूस मनात जसा विचार करतो तसा तो असतो’ हा तुकडा संदर्भातून सुटला आणि जगभर फिरू लागला. जेम्स ॲलन या इंग्रज लेखकाने १९०३ मध्ये त्यावरून आपल्या चिमुकल्या पुस्तकाचे नाव बेतले. विचारांच्या जोरावर नशीब पालटता येते असे सांगणाऱ्या पुस्तकांची जी पुढे रांग लागली, तिच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत हे पुस्तक मोडते. चिक्कू यजमान मागेच राहिला.

त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी, १९५२ मध्ये, न्यूयॉर्कच्या मार्बल कॉलेजिएट चर्चचे पाळक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी सकारात्मक विचारांची महती सांगणारे पुस्तक लिहिले. ते लाखांनी खपले. देवावर भरवसा ठेवा, यशाचे चित्र डोळ्यांसमोर आणा, नकारात्मक विचाराला थारा देऊ नका, अशी त्यातली शिकवण. आज आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलपासून सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांपर्यंत हीच शिकवण वेगवेगळ्या वेष्टनांत मिळते. कंपन्यांच्या प्रेरणा शिबिरांत ती असते आणि काही ठिकाणी प्रार्थनासभांच्या मंडपातही असते. विश्वासाने मागा, मिळालेच असे समजा, तोंडातून उणा शब्द काढू नका. नोकरी, व्हिसा, घर, मूल, सगळे याच हिशेबात. मागितलेले मिळाले तर साक्ष द्यायला व्यासपीठ असतेच. मिळाले नाही तर मागणाऱ्याचा विश्वास कमी पडला, असे त्याच्याच गळ्यात मारून सगळे मोकळे होतात.

विचारांनी आयुष्य घडते, हे ख्रिस्ती परंपरेला पूर्ण मान्य आहे. पण विचार म्हणजे हवे ते मिळवण्याचे यंत्र, हे तिचे म्हणणे कधीच नव्हते. मनात काय चालते याचा तिने केलेला अभ्यास दोन हजार वर्षांचा आहे. तो बराच खडतर आहे, प्रामाणिक आहे, आणि चर्चच्या बाहेरच्या माणसालाही उपयोगी पडेल असा आहे. विकला जातो तो मात्र त्याचा सर्वांत पातळ अवतार.

मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरील प्रवचन पाहावे. तिथे येशू खुनाबद्दल बोलता बोलता रागावर येतो आणि व्यभिचाराबद्दल बोलता बोलता नजरेवर येतो. हातून काही घडले नाही म्हणून सुटलो, ही पळवाट तो बंद करतो. अपराधाची सुरुवात कुठे होते ते दाखवतो. संत पौल फिलिप्पैकरांना पत्र लिहितो तेव्हा तो कैदेत असतो. जे सत्य, न्याय्य, निर्मळ आणि वाखाणण्याजोगे असेल त्यावर मन लावा, असे तो त्यांना सांगतो. आपण तुरुंगातून सुटलो आहोत असे चित्र डोळ्यांसमोर आणा, असे त्या पत्रात कुठेही नाही. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो मन नवे होण्याची गोष्ट काढतो आणि लगेच कामाची यादी देतो: परक्याचा पाहुणचार करा, रडणाऱ्याबरोबर रडा, शत्रूला भूक लागली असेल तर त्याला जेवू घाला. नव्या मनाची परीक्षा इथेही पानावरच होते, हा योगायोग गमतीचा म्हणायला हवा.

पौलानंतर सुमारे तीनशे वर्षांनी या विषयाला एक जबरदस्त निरीक्षक लाभला. इव्हाग्रियस हा पाँटसचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्याकडचा. कॉन्स्टँटिनोपलमध्ये मानमरातब मिळवलेला धर्मपंडित. तिथे तो एका प्रतिष्ठित घरच्या विवाहितेच्या प्रेमात पडला, धास्तावला आणि शहर सोडून पळाला. जेरुसलेममार्गे तो इजिप्तच्या वाळवंटात पोचला आणि इ. स. ३९९ मध्ये मरेपर्यंत तिथल्या तपस्व्यांमध्येच राहिला. वाळवंटात मोह कमी असतील अशी कुणाची समजूत असेल तर इव्हाग्रियस ती खोडून काढतो. माणसे आणि वस्तू दूर झाल्या की विचार उरतात, आणि त्यांच्याशी लढणे जास्त कठीण असते, असा त्याचा अनुभव. त्याने छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार मांडले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, आळसाचा कंटाळा, प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी या यादीची फेररचना केली आणि त्यातून सात प्रमुख पापांची यादी तयार झाली. मूळ यादी पापांची नव्हती, विचारांची होती. हा फरक मोठा आहे.

त्यातल्या कंटाळ्याचे इव्हाग्रियसने केलेले वर्णन आजही वाचणाऱ्याला हसू आणते. भर दुपारची वेळ. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. झोपडीतला तपस्वी खिडकीशी जातो, बाहेर येतो, सूर्य किती कलला ते बघतो, कारण जेवण दुपारी तीनच्या सुमारास. कुणी भेटायला येतेय का म्हणून इकडेतिकडे मान वळवतो. मग त्याला ही जागा नकोशी होते, हे हातकाम नकोसे होते, आताशा बांधवांमध्ये प्रेमच उरले नाही असे वाटू लागते. अमक्याने मागे आपल्याला दुखावले होते तेही नेमके तेव्हाच आठवते. दुसरीकडे कुठे गेलो तर सगळे सोपे होईल, देवाची भक्ती काय कुठेही करता येते. घरचे दिवस आठवतात, पुढचे लांबलचक आयुष्य भिववू लागते. दुपारी ऑफिसात दर पाच मिनिटांनी फोन उघडणाऱ्याला यातले काही नवे वाटणार नाही.

इव्हाग्रियसचा महत्त्वाचा सिद्धान्त मात्र याहून साधा आहे. विचार मनात यावा की नाही, हे आपल्या हाती नाही. त्याला मुक्कामाला ठेवायचे की नाही, हे आहे. आलेल्या विचाराबद्दल स्वतःला कोसू नका, पण तो कोणता, कधी येतो, कशापाठोपाठ येतो, ते नीट बघा आणि त्याला उत्तर द्या. त्यासाठी त्याने बायबलमधल्या वचनांची एक जंत्रीच तयार केली: अमुक विचार आला तर हे उत्तर, तमुक आला तर ते. विसाव्या शतकात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांना आपल्या उदास रुग्णांच्या बोलण्याखाली आपोआप उमटणाऱ्या विचारांचा एक समांतर प्रवाह सापडला. तो पकडायचा, तपासायचा, त्याला प्रत्युत्तर द्यायचे, या पायावर त्यांनी १९६० च्या दशकात नवी उपचारपद्धती उभी केली. दोघांची भाषा वेगळी, हेतूही वेगळे. पण इजिप्तमधल्या त्या झोपडीत हे काम आधी सुरू झाले होते, एवढे श्रेय द्यायला हरकत नाही.

विचार पारखायचा कसा, याचे सर्वांत जिवंत उत्तर एका जखमी सरदाराने दिले. २० मे १५२१ रोजी स्पेनमधल्या पांप्लोना इथे फ्रेंच सैन्याच्या तोफगोळ्याने इनिगो या तिशीतल्या बास्क योद्ध्याचा एक पाय मोडला आणि दुसरा जायबंदी केला. त्याला लोयोलाच्या वडिलोपार्जित गढीत आणले. हाड नीट बसले नाही, ते पुन्हा मोडून बसवले. तरी गुडघ्याखाली एक उंचवटा राहिला. त्यावर घट्ट बूट शोभणार नाहीत, म्हणून या पठ्ठ्याने शुद्धीत असताना ते हाड कापून घेतले. तेव्हा भूल नव्हती. नटवेपणासाठी एवढे सोसणारा हा माणूस पुढे संत इग्नेशियस लोयोला म्हणून ओळखला जाणार होता.

अंथरुणावर त्याला वाचायला शौर्यकथा हव्या होत्या. घरात त्या नव्हत्या. होते ते एक ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचे पुस्तक. नाइलाजाने तो तेच वाचू लागला. मध्येच पुस्तक बाजूला ठेवून एका थोर घरच्या स्त्रीच्या स्वप्नात तीन-तीन, चार-चार तास रमे. तिच्यासाठी काय पराक्रम गाजवू, तिच्याशी काय बोलू. मग पुन्हा संतांच्या कथा, आणि आपणही फ्रान्सिस किंवा डॉमिनिक यांच्यासारखे केले तर, हा विचार. दोन्ही दिवास्वप्नांत सारखाच आनंद मिळे. फरक नंतर जाणवे. पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे आणि असमाधानी होई, दुसरे ओसरल्यावरही प्रसन्नता टिकून राही. एके दिवशी हा फरक त्याच्या लक्षात आला आणि त्याला नवल वाटले. पुढे त्याने सहकाऱ्याला सांगितलेल्या आत्मकथनात हा क्षण नोंदलेला आहे. विचार गोड आहे की कडू, यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरते आणि तो कुठे नेतो, हे बघायचे. लोयोलाच्या अंथरुणावर सापडलेली ही कसोटी पुढे त्याने स्थापन केलेल्या येशूसंघाच्या अख्ख्या साधनेचा पाया झाली.

इथे गोष्ट संपवली असती तर तीही एक प्रेरणादायी कथा झाली असती. पण इग्नेशियसने पुढचेही लपवले नाही. १५२२ मध्ये मनरेसा गावी राहत असताना त्याला जुन्या पापांच्या शंकेने पछाडले. सगळे कबूल करून झाले होते, लिहूनही काढले होते, तरी काही राहिले तर नाही ना, हा विचार सुटेना. पुन्हा पापनिवेदन, पुन्हा शंका. तासन्तास प्रार्थना, मग कडक उपास. खोलीत एक मोठे भगदाड होते. त्यातून उडी टाकून जीव द्यावा, अशी ऊर्मी त्याला वारंवार येत असे. विचार दिसायला अगदी धार्मिक होता आणि नेत होता मरणाकडे. अखेर त्याने लोयोलाची कसोटी यालाही लावली. हा विचार कुठून येतो, कुठे नेतो? आणि जुनी पापे पुन्हा उकरायची नाहीत असा निश्चय केला. देवाच्या नावाने येणारा प्रत्येक विचार देवाचा नसतो, हे ख्रिस्ती साधनेतले कदाचित सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे ज्ञान आहे.

पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत मग हिशेबनिसाला शोभेल अशी एक पद्धत येते. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करायचा, दुपारी आणि रात्री स्वतःला विचारायचे. घसरलो की छातीवर हात ठेवायचा, चारचौघांतही कुणाला कळणार नाही असा. प्रत्येक दिवसासाठी कागदावर दोन रेघा, एक दुपारची, एक रात्रीची, आणि जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके. रात्रीच्या रेघेवर ठिपके कमी झाले का? मंगळवारी सोमवारपेक्षा? या आठवड्यात मागच्यापेक्षा? क्रांती वगैरे काही नाही, फक्त ठिपके मोजायचे. पॅरिसमध्ये इग्नेशियसबरोबर एका खोलीत राहिलेला फ्रान्सिस झेवियर याच साधनेतून तयार झाला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. लोयोलाच्या गढीतल्या त्या दिवास्वप्नांचा धागा असा मराठी वाङ्मयापर्यंत पोचतो.

तरीही एक अवघड प्रश्न उरतो. विचार बदलला, प्रार्थना सुरू झाली, आणि आयुष्याचा एक भला मोठा कोपरा जसाच्या तसा राहिला तर?

जॉन न्यूटनचे उदाहरण याच कारणासाठी अस्वस्थ करणारे आहे. १७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिकवरच्या वादळात जहाज बुडता बुडता वाचले आणि या शिवराळ, बेफिकीर खलाशाला देव आठवला. तिथून तो स्वतःला ख्रिस्ती म्हणवू लागला, शिव्या सोडल्या, बायबल वाचू लागला. आणि त्यानंतर १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून गुलामांच्या जहाजाच्या तीन सफरी केल्या! रविवारी तो खलाशांना जमवून उपासना घेई, बायकोला भक्तिभावाने भरलेली पत्रे लिही. खाली तळाशी माणसे साखळदंडांत होती. बंडाचा वास आला तेव्हा कबुलीसाठी बंदिवानांचे अंगठे पिळल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. तो ढोंगी होता असे म्हणणे सोपे आहे, पण पुरावा तसे सांगत नाही. तो मनापासून प्रार्थना करत होता. खालच्या तळाशी आपल्या प्रार्थनेचा काही संबंध आहे, हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते. समुद्र त्याने सोडला तोही प्रकृतीच्या कारणाने. पुढे तो ऑल्नी गावचा धर्मगुरू झाला, जगप्रसिद्ध ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत त्याने तिथेच लिहिले, १७७३ च्या नववर्षदिनासाठी. गुलामांच्या व्यापाराविरुद्धची त्याची पुस्तिका यायला १७८८ उजाडले. वादळाला तोवर चाळीस वर्षे झाली होती. त्या पुस्तिकेत त्याने आपली लाज उघड मांडली, व्यापाराविरुद्ध साक्षही दिली, आणि राजकारण सोडू पाहणाऱ्या तरुण खासदार विल्बरफोर्सला त्याने आधीच संसदेत राहायला सांगितले होते. १८०७ मध्ये ब्रिटनने हा व्यापार बंद केला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन गेला.

त्या गीताची गोष्ट प्रवचनात सांगितली जाते तेव्हा वादळापासून थेट गीतावर उडी मारली जाते. मधल्या तीन सफरी वगळल्या जातात. त्या सांगायला हव्यात, कारण बहुतेक श्रद्धाळूंचे आयुष्य त्याच मधल्या काळात चाललेले असते.

आपल्याकडे असा तळ आहेच, आणि त्याचे नाव जात आहे. बाप्तिस्म्याचे पाणी पडले म्हणून ती वाहून गेली नाही. गोव्याच्या कॅथलिक समाजात बामण, चारडो, सुदिर हे भेद चारशे वर्षे टिकले. लग्न जुळवताना ते आठवले जात, आणि गावोगावच्या चर्चमधल्या धर्मबंधूंच्या मंडळांतही कुणी कोणता मान घ्यायचा यात ते दिसत. देवाविषयीचा विचार बदलला होता. शेजाऱ्याविषयीचा तसाच राहिला.

म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वेगळी उठून दिसते. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही हा त्यांचा हट्ट, आणि त्यापायी घरातल्या बायकापोरांची झालेली दैना. विटाळाचा एक विचार डोक्यात बसला आणि अख्खे घर त्याच्या चाकरीला लागले. लक्ष्मीबाई हे विनोदाने सांगतात, पण वाचणाऱ्याला गुदमरायला होते. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्या कोसळल्या, वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही.

मग एकदा त्यांनी स्वतःच हा प्रश्न मनाशी मांडला: जाती केल्या कुणी, देवाने की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांत तसा काही फरक दिसायला हवा होता. तो दिसेना. उत्तर मिळाले आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे हे १९०० साली झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधी घडले. न्यूटनने आधी धर्म धरला आणि तळाकडे बघायला चाळीस वर्षे लावली. लक्ष्मीबाईंनी आधी तळाकडे पाहिले. फार न शिकलेल्या, चूल सांभाळणाऱ्या एका बाईने आपल्या डोक्यातला, पिढ्यान्पिढ्या आलेला विचार ओढून उजेडात आणला, उलटसुलट तपासला आणि त्याच दिवसापासून हाताने वेगळे वागायला लागली. विचारांनी आयुष्य घडते याचे मराठीतले याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

याच परंपरेतले एक अलीकडचे प्रकरण मध्य प्रदेशातले आहे. केरळच्या सिस्टर राणी मारिया इंदूरजवळच्या उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत, त्यांना सावकारांच्या पाशातून सोडवण्याची धडपड करत. गावातल्या बड्या मंडळींना ते खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये, प्रवाशांदेखत, समुंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केले गेले, त्या सोहळ्यालाही तो हजर होता.

खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे आहेत. क्षमा करावी हा विचार कोणत्याही ख्रिस्ती घरात पहिल्याच दिवशी उच्चारला जातो. प्रार्थनेतच तो आहे. तो मनगटापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि लागू द्यावा. अत्याचार सोसलेल्या माणसाला, विशेषतः बाईला, दुसऱ्याच दिवशी क्षमेचा उपदेश पाजणारे धर्मगुरू आणि नातेवाईक ही घाई करतात. सिस्टर सेल्मींनी जे केले ते कुणाच्या दडपणाखाली नव्हे, म्हणूनच त्याला वजन आहे. आणि न्यायालयाने दिलेली शिक्षा तोवर चालूच होती, हेही विसरू नये.

शेवटी अशा माणसांचा विचार करायला हवा, ज्यांचे मन कितीही प्रयत्न केले तरी उजळत नाही. इथे मदर तेरेसांपेक्षा बोलकी साक्ष नाही. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना गरिबांत जाण्याची हाक जाणवली. काम सुरू झाले, आणि त्याच सुमारास देव जवळ असल्याची जाणीव विझली. देवाला आपण नकोसे झालो आहोत, अशा कळवळ्याची त्यांची पत्रे २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा जग चकित झाले. हा काळोख थोड्याफार फरकाने १९९७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत राहिला. १९६१ मध्ये त्यांनी आपले मन पुण्याच्या एका येशूसंघीय प्राध्यापकापुढे उघडे केले. फादर जोसेफ न्यूनर हे मूळचे ऑस्ट्रियाचे, पुण्यात ईशज्ञान शिकवणारे. त्यांनी मदरना तुमचा विश्वास कमी पडतो असे सांगितले नाही, आणखी जोर लावून चांगले विचार करा असेही नाही. यात तुमची चूक नाही, देवाची ओढ टिकून आहे हीच त्याच्या असण्याची खूण, आणि हा काळोख तुमच्या कामाचाच भाग आहे, असा त्यांच्या सल्ल्याचा आशय होता. मदर तेरेसांना त्याने धीर आला. काळोख गेला नाही, काम थांबले नाही.

पीलसाहेबांच्या हिशेबात या बाईचे काय करायचे? सकारात्मक विचारांच्या परीक्षेत त्या जवळपास पन्नास वर्षे नापासच ठरतात.

आध्यात्मिक काळोख आणि नैराश्याचा आजार एक नव्हेत, पण दोन्हींवर उपदेशाचा मारा सारखाच होतो. न्यूटनचा ऑल्नीतला मित्र, कवी विल्यम कूपर, उत्तम भक्तिगीते लिहीत होता आणि १७७३ पासून देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे या समजुतीने पोखरला जात होता. १७७९ च्या ‘ऑल्नी हिम्स’ या संग्रहात दोघांची गीते शेजारीशेजारी आहेत. कूपरच्या श्रद्धेत काही खोट होती असे न्यूटनही म्हणाला नाही. तो त्याच्याबरोबर बसून राहिला.

तेव्हा पाळकांना, धर्मगुरूंना आणि प्रार्थनासभा घेणाऱ्यांना एक विनंती. विचार तपासायला जरूर शिकवा. इव्हाग्रियस आणि इग्नेशियस तुमच्याच घरचे आहेत, परक्या पुस्तकांच्या उसनवारीची गरज नाही. जातीचा, हुंड्याचा, कामवाल्या बाईच्या वेगळ्या कपाचा विचारही त्या तपासणीत येऊ द्या. आणि जो माणूस महिनोन्‌महिने झोपत नाही, ज्याला जगणे नकोसे झाले आहे, त्याला विश्वास वाढवायला सांगू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, आणि तिथे मराठीत बोलता येते.